कचकड्याचा इद्रिस

इद्रिसचा बाप हारुन शिंगाचे कंगवे करायचा. म्हशीचं शिंग उभं चिरायचं, निखाऱ्यावर धरून मऊ करायचं, दोन फळ्यांमध्ये दाबून सपाट करायचं आणि मग बारीक करवतीने एकेक दात कापायचा. नंदुरबारच्या त्यांच्या गल्लीत सकाळपासून करपलेल्या शिंगाचा वास भरलेला असे. शेजारच्या बायका नाकाला पदर लावून पुढे जात. पण घरात लेकीचं लग्न ठरलं की त्याच हारुनच्या ओट्यावर येऊन बसत आणि दात मोजून मोजून कंगवा निवडत.

हारुन वारला त्याच्या आधीच हा धंदा मरायला टेकला होता. सुरतेच्या गाडीने कचकड्याचे, म्हणजे सेल्युलॉइडचे, कंगवे येऊ लागले होते. लाल, हिरवे, हलके, हाताला लोण्यासारखे गुळगुळीत. त्यांच्यापुढे शिंगाचा काळपट कंगवा कोण घेणार? इद्रिस तेव्हा विशीतला होता, नुकतंच लग्न झालेला. बायकोचं नाव जाहेदा, शहाद्याची. घरात दोन माणसं, आणि कोपऱ्यात न विकलेल्या कंगव्यांची टोपली.

कुणा नातेवाइकाच्या मयतीला तो सुरतेला गेला, तेव्हा परतीच्या गाडीला वेळ होता म्हणून बाजारात फिरत होता. एका बोळात एक म्हातारा कारागीर बसला होता. त्याच्याजवळ कचकड्याचे पातळ तक्ते होते, कागदापेक्षा जाड, पत्र्यापेक्षा मऊ. म्हाताऱ्याने त्यातला तुकडा कढत पाण्यात सोडला. बघता बघता तो ओल्या फडक्यासारखा लुळा पडला. मग तो चिमट्याने उचलून लाकडी साच्यात घातला, वरून ठोकळा दाबला आणि साच्यासकट गार पाण्यात बुडवला. साचा उघडला तर आत डबी तयार.

इद्रिस तिथेच खाली बसला. त्याने आयुष्यभर शिंग असंच मऊ होताना आणि असंच पुन्हा कडक होताना पाहिलं होतं. गाडी चुकली तरी तो उठला नाही.

दुसऱ्या दिवशी तो घरी आला तो गोणपाटात गुंडाळलेले तक्ते खांद्यावर घेऊनच. काही हस्तिदंतासारखे पांढरे होते, काही पाण्यासारखे आरपार. कचकडं तयार करताना त्यात कापूर घालतात, त्यामुळे गोणपाट सोडल्यावर सगळ्या घरात कापराचा वास सुटला. जाहेदा हसली. शेजारच्या सुंदरबाईने तर दारातून डोकावून विचारलंच, "आज कसानी आरती शे तुम्हना घर?"

पहिले कित्येक दिवस फुकट गेले. पाणी जास्त तापलं की तक्त्यावर फोड यायचे, कमी तापलं की कोपऱ्यात चीर पडायची. साचा ओला राहिला की डबीवर डाग. इद्रिसने बाभळीचे साचे पुन्हा पुन्हा कोरले, कोपरे गोल केले, कडा उतरत्या केल्या. शेवटी एकदाची ती डबी झाली, खालचं अंग पांढरं आणि वरचं झाकण आरपार. ती घेऊन तो भाईदासच्या दुकानात गेला.

भाईदास मणी, कुंकू, आरसे, सुरमा असला किरकोळ माल विकायचा, आणि होळीच्या आधी गाडी भरून तोच माल सातपुड्यात न्यायचा. त्याने डबी उलटी सुलटी करून पाहिली.

"इद्रिसभाई, हाई झाकन काचनं शे का?"

"काच नही. खाले पाडी दखा."

भाईदासने डबी फरशीवर टाकली. ती टणकन उडाली आणि जशीच्या तशी राहिली. भाईदासने ती उचलली, त्यात मूठभर निळे मणी ओतले, झाकण लावलं आणि दुकानाच्या दारात उजेडात धरली. बराच वेळ तो ती फिरवत राहिला.

त्याची अडचण इद्रिसला नंतर कळली. डोंगरातल्या बायका मण्यांचा रंग बघितल्याशिवाय घेत नसत, आणि त्यात त्यांचं काय चुकलं? पण त्यासाठी कागदाची प्रत्येक पुडी सोडावी लागे, दोरे तुटत, मणी धुळीत सांडत. आता माल झाकलेलाही राहणार होता आणि दिसणारही होता. त्या वर्षी काठी गावच्या होळीला जाणाऱ्या बायकांनी धडगावच्या बाजारात इद्रिसच्या डब्या हातात घेऊन, उन्हात फिरवून रंग निवडले. मणी संपले तरी डब्या कुणी फेकल्या नाहीत. कुणी त्यात तपकीर ठेवली, कुणी बाळाची जावळं.

त्यानंतरची काही वर्षं चांगली गेली. जाहेदा कात्रीने तक्ते कापायला शिकली. गुलशन जन्मली, रांगायला लागली, कातरणाच्या रंगीत तुकड्यांशी खेळायला लागली. घरातली बोली गल्लीसारखी अहिराणीच होती, अब्बा, अम्मी, मामू, बेटा असे थोडेच शब्द वेगळे. गुलशन सगळ्यात आधी जे बोलली ते मात्र 'टक' असं होतं, साचा उघडताना होणाऱ्या आवाजासारखं.

चैत्रातली दुपार होती. जाहेदा चुलीपाशी होती, इद्रिस ओट्यावर साचा घासत होता, गुलशन आत झोपली होती. चुलीतलं लाकूड तडकलं आणि एक ठिणगी उडून कातरणाच्या टोपलीत पडली. लाकूड जळतं तसं कचकडं जळत नाही. ते एकदम भडकतं, जणू कुणी फुंकर मारून सगळं घर पेटवावं. जाहेदाने किंकाळी फोडेपर्यंत ज्वाळा आढ्याला भिडल्या होत्या. इद्रिस आत घुसला आणि गुलशनला गोधडीत गुंडाळून बाहेर आला. तिचा डावा हात आणि मान भाजली होती. पोर रडतही नव्हती, नुसती बापाकडे टक लावून बघत होती.

गल्ली धावून आली. विहिरीपासून घरापर्यंत बायाबापड्यांची रांग लागली, घागरी हातोहात पुढे गेल्या. तरीही भिंतीला भिंत असलेलं दोधूचं घर अर्धं जळालं आणि त्याच्या वर्षाच्या ज्वारीची राख झाली. माणूस कुणी मेलं नाही. लोक म्हणत होते, नशीब.

दोन दिवसांनी दोधू आला. त्याच्या मिशा एका बाजूने होरपळल्या होत्या. तो इद्रिसच्या शेजारी राखेतच बसला.

"इद्रिस, तू मन्हा भाऊनामायक शेस," तो म्हणाला. "पन हाई कचकडं आते गल्लीमा नको."

इद्रिसने मान हलवली. दोधू ओरडला असता, अंगावर धावून आला असता, तर ते सोपं गेलं असतं. पण तो जाताना इद्रिसच्या खांद्यावर हात ठेवून गेला, आणि सुंदरबाईने संध्याकाळी त्याच्यासाठी भाकरी पाठवली. अशा माणसांच्या गल्लीत पुन्हा ती टोपली कशी ठेवायची?

जाहेदा पोरीला घेऊन शहाद्याला भावाकडे गेली. तिथे चांगला वैद्य होता, गुलशनच्या जखमा भरायला वेळ लागणार होता. इद्रिस कापसाच्या जिनमध्ये कामाला लागला. कापूस उचलायचा, यंत्राच्या तोंडात ढकलायचा, पुन्हा उचलायचा. नाकातोंडात तंतू जात, कान बधिर होत. तसं काम वाईट नव्हतं. शेकडो माणसं तेच करत होती आणि संध्याकाळी हसत घरी जात होती. इद्रिसला मात्र वाटे की आपल्या जागी कुणीही उभं राहिलं तरी चालेल. हंगाम संपला तेव्हा त्याने भाईदासकडून थोडे तक्ते मागवून घेतले.

गावाबाहेर नाल्याच्या काठाला, शेतांच्या पलीकडे, त्याने एक झोपडी बांधली. समोरासमोर दोन दारं ठेवली, म्हणजे पळायला सोपं. चूल बाहेर, लांब. पाणी बाहेर तापवायचं आणि घमेल्यातून आत आणायचं. कातरण रोजच्या रोज नाल्याच्या वाळूत नेऊन जाळायचं. एवढी सगळी व्यवस्था करून तो शहाद्याला गेला आणि जाहेदाला म्हणाला की काम तिकडे गावाबाहेर होईल, घर गावातच घेऊ, तुम्ही दोघी चला.

जाहेदा गुलशनच्या हाताला तेल चोळत होती. पोरीने बापाला बघितलं, त्याच्या कपड्यांचा कापराचा वास आला आणि ती आईच्या मागे दडून बसली.

"गुलशनना अब्बा, तो वास परत घरमा येई," जाहेदा म्हणाली. "तुम्हना कपडासमा, तुम्हना हातमा."

"मंग मी काय करू?"

"काहीबी करा. हाई नका करू."

इद्रिस आपल्या हातांकडे बघत राहिला. जाहेदाने थोडी वाट पाहिली. मग तिने तेलाची वाटी उचलली आणि ती आत गेली. दोघांमध्ये भांडण असं झालंच नाही. तलाकाचा शब्दही कुणी काढला नाही. फक्त तो एकटा परत आला.

त्याने ते काम का सोडलं नाही हे त्याला कधी कुणाला नीट सांगता आलं नाही. झोपडीच्या शेजारच्या शेतात कौसाबाई नावाची विधवा म्हातारी राखणीला राहायची. तिने एकदा बांधावरून विचारलं तेव्हा तो म्हणाला, "जिनमा मी व्हतू, पन मन्हा हात तठे नव्हतात."  ज्वारीची कणसं भरली की कौसाबाई त्याला हुरडा देई, आणि कधी ताप आला तर झोपडीच्या दाराशी पेज ठेवून जाई.

बाकी फारसं कुणी येत नसे. भाईदासचा गाडीवाला दगा महिन्याकाठी डब्या न्यायला यायचा. तो बैल लांब सोडायचा, विडी विझवून तिच्यावर पाय देऊन उभा राहायचा आणि तिथूनच हाक मारायचा. इद्रिस टोपल्या उचलून बाहेर आणे. दगा बोलका माणूस होता, पण तिथे आला की त्याला घाई असे. बैलगाडीची धूळ खाली बसेपर्यंत इद्रिस रस्त्याकडे बघत राही आणि मग आत जाऊन कामाला लागे. शुक्रवारी तो नमाजला गावात जाई. मशिदीत लोक सलाम करत, खुशाली विचारत. तो मात्र सवयीने शेवटच्या रांगेत, कडेला बसे. नमाज झाली की गल्लीकडे न जाता मागच्या वाटेने परत.

वर्षातून दोनदा, ईदेला आणि थंडीच्या दिवसांत, तो शहाद्याला जायचा. त्यासाठी धुतलेल्या कपड्यांचा एक जोड त्याने कौसाबाईच्या खोपटात ठेवून दिला होता, म्हणजे त्याला कापराचा वास लागू नये. प्रकाशा गावाजवळ तापी ओलांडायची, शहाद्याच्या अलीकडे गोमाई नदीत उतरायचं, वाळूने आणि साबणाने अंग घासायचं, नखांखाली काडी फिरवायची, मग तो जोड घालायचा. मेहुणा त्याला मानाने बसवायचा. जाहेदा जेवण वाढायची. गुलशन ओढणीने मान झाकून आईजवळ, खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसायची. तो विचारायचा, बरी आहेस का. ती म्हणायची, बरी आहे. तो विचारायचा, काय खाल्लंस. ती सांगायची. पुढचं त्याला सुचत नसे. परतीच्या वाटेवर मात्र सगळं सुचायचं, तापी ओलांडताना तर फारच.

मग लढाई आली. तक्ते जपानचे असायचे, ते यायचे थांबले. भाईदास हात हलवत म्हणाला की आता पुन्हा कागदाच्या पुड्या. इद्रिस काही दिवस नुसता बसून राहिला. दगाने एकदा जाता जाता सांगितलं की स्टेशनाजवळ तंबूत सिनेमा येतो, त्यांच्या तुटक्या फिलमाही कचकड्याच्याच असतात म्हणे.

तंबूत यंत्र चालवणारा हिलाल नावाचा माणूस होता. त्याने पत्र्याचा डबा आनंदाने इद्रिसच्या हवाली केला. "लई जा भो. हाई तुन्हा कचकडानं भाऊबंद शे. मन्ही तर झोप उडेल शे येन्हामुये."

फिलमच्या पट्ट्या धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यात टाकल्या की चित्राचा थर सुटून यायचा. पाणी काळं व्हायचं, पट्टी स्वच्छ आरपार निघायची. ती अरुंद असे, फार तर सुरम्याच्या किंवा वैद्याच्या गोळ्यांच्या डबीचं झाकण होई. एका झाकणाला तीन वेळा साचा लावावा लागे, कारण ही फिलम तक्त्याहून पातळ, चटकन आकसायची. पण तेवढ्यावर काम सुरू राहिलं.

इद्रिसने सिनेमा कधी बघितला नव्हता. धुण्याआधी तो पट्टी दाराच्या उजेडात धरायचा. त्यात माणसं असायची, नखाएवढी. कुणी घोड्यावर, कुणी दरबारात, कुणी रडत. इतकी माणसं त्याच्या झोपडीत आजवर कधी आली नव्हती. एका पट्टीत एक बाई मान वळवून मागे बघत होती. प्रत्येक चौकटीत थोडी थोडी अधिक वळत जायची आणि तिचा चेहरा पुरता समोर येण्याआधीच पट्टी तुटलेली होती. ती पट्टी त्याने बाजूला काढून ठेवली. रोज सकाळी तो ती उजेडात धरून बघे. पुढे वैद्याच्या डब्यांना झाकणं कमी पडली, तेव्हा तीही सोड्याच्या पाण्यात टाकली. त्या दिवशी तो जेवला नाही, एवढं कौसाबाईच्या लक्षात आलं होतं, कारण तिने दिलेली भाजी तशीच होती.

गुलशनचं लग्न ठरल्याचं दगाने सांगितलं. जाहेदाने निरोप पाठवला होता की या, पण कचकड्याचं काही घरात आणू नका. इद्रिसने आणलं नाही. त्याने बाजारातून काचेच्या हिरव्या बांगड्या घेतल्या आणि फडक्यात बांधल्या. गोमाईवर नेहमीपेक्षा जास्त वेळ लावला.

तो ओसरीवर बसला होता. आत बायकांची गडबड चालली होती. गुलशन दारातून बाहेर आली आणि या वेळी पहिल्यांदाच त्याच्या जवळ येऊन बसली. तिची उंची आता आईएवढी झाली होती.

"अब्बा, तुम्हना आंगले वास येत नही."

"आंग धोईसन उनू, बेटा."

"माले माहीत शे. मामूनी कवयच सांगं व्हतं. तुम्ही पहिले गोमाईवर जातस."

"मंग?"

"मंग काय," ती हलकं हसून म्हणाली. "तवपावत दूर बसानी सवय व्हई गयती."

 इद्रिसने फडकं सोडलं. गुलशनने उजवा हात पुढे केला, त्यात बांगड्या सहज गेल्या. डावा हात तिने जरा थांबून पुढे केला. भाजल्याची कातडी आवळलेली होती, अंगठ्याच्या बुडाशी घट्ट. पहिलीच बांगडी तिथे अडली. आतून कुणीतरी म्हणालं, राहू दे, त्या हातात नको.

इद्रिसने कोमट पाणी मागवलं. पोरीचा हात त्याने पाण्यात धरून ठेवला, घाई न करता, बोटांनी कातडी हळूहळू सैल करत. मग अंगठा आत दुमडून एकेक बांगडी वर सरकवली. एकही फुटली नाही. गुलशन त्याच्या बोटांकडे बघत होती. जाहेदा दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. पाण्याचं भांडं उचलायला ती स्वतः आली.

निकाह झाला, पाठवणी झाली. गुलशन तळोद्याला सासरी गेली आणि इद्रिस नाल्यावर परतला. कौसाबाई त्याच पावसाळ्यात वारली. तिच्या शेताची राखण करायला पुन्हा कुणी आलं नाही, आणि त्या बाजूने येणारा माणसाचा आवाज कायमचा थांबला.

लढाई संपली. मुंबईहून यंत्रावर दाबलेल्या डब्या येऊ लागल्या, सगळ्या एकसारख्या, पातळ. भाईदास म्हातारा झाला होता. दोन वर्षं त्याने इद्रिसचा माल भिडेखातर घेतला, मग घेणं थांबवलं. इद्रिसला त्याचा राग आला नाही. त्याचे स्वतःचे डोळेही वाफेने अधू झाले होते, पाणी किती तापलंय हे आता बघून कळत नसे.

शहाद्याचा मेहुणा वारल्यावर जाहेदा नंदुरबारला आली. तिने जुन्या गल्लीजवळ एक खोली घेतली. दगाकरवी निरोप दिला, काम थांबलं असेल तर घरी या. एवढाच निरोप होता.

इद्रिसने उरलेलं सगळं कातरण वाळूत जाळलं, साचे नाल्यात सोडले आणि तो घरी गेला. पण एवढ्या वर्षांनी त्याला घरात राहणं जमेना. शेजारी कुणी असलं की घास उतरत नसे, म्हणून तो ताट घेऊन ओट्यावर बसायचा, रस्त्याकडे पाठ करून. जाहेदाने त्याला हटकलं नाही. भावाच्या घरी सगळ्यांना वाढून मग एकटीने जेवायची तिचीही सवय जुनीच होती.

त्याला मोठ्याने बोलायची खोड लागली होती. झोपडीत ऐकणारं कुणी नव्हतं, तेव्हा तो दिवसभर आपल्याशीच काहीबाही म्हणे. इथेही ते सुटेना. लोक वळून बघत. एका दुपारी तो ओट्यावर लाकडाच्या पळ्या कोरत बसला होता. झाडाची पानं हलली तसा तो आपल्याशीच म्हणाला, "वारा सुटना."

"मी कपडा काढी लेसू," आतून जाहेदा म्हणाली.

इद्रिस दचकला. त्याने हातातली पळी खाली ठेवली आणि दाराकडे वळून पाहिलं. जाहेदा परसात गेलीही होती.  तो उठून तिच्यामागे गेला आणि दोरीच्या दुसऱ्या टोकाकडून कपडे काढू लागला.